पदराअलीकडचा लॉर्ड

...म्हणजे मारणारा विलायतेतला, मरणारा विलायतेतला, आणि आरोपी कोण? तर शहापुरातली मी! अंबुबाई! विणकराच्या घरातली, पांढऱ्या केसांची, दोन्ही गुडघे धरलेली म्हातारी! हाय का ह्याला काही न्याय? न्हाय, नुसती मान हलवू नका, तोंडानं बोला. त्या लॉर्डाचं मी तोंडसुद्धा बघितलेलं न्हाय. पुस्तकात त्याचं चित्र होतं म्हणे, पण पुस्तक माझ्या हातात पडायच्या आधीच कुणीतरी ते टरकावून नेलेलं. आणि तरी माझा मुलगा, माझ्या पोटचा नागोजी, चार माणसांदेखत मला म्हणतो, "आई, आजपासनं ह्या घरात खून बंद." आँ? जसं काय मी रोज एक पाडून भाकरी थापायला बसत होते! बरं, एवढा सगळा तमाशा झाला, माझी अब्रू पार निपाणीपर्यंत गेली, आणि मूळ गोष्ट हाय तिथंच. लॉर्डाला मारलं कुणी?

तेच तर कळलं न्हाय ना!

बसा, बसा. तो पाट घ्या. तिकडं नको, तिकडं सुताची लडी वाळत घातलीय, धोतराला निळं लागंल. आता तुम्हाला सुरुवातीपासून सांगते, कारण सुनेकडनं ऐकाल तर ती दोन वाक्यांत सांगून मोकळी होईल, आणि त्यातलं एक माझ्याविरुद्ध असंल.

तर आमच्या घरात चार माग. खड्ड्यातले, म्हणजे विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो तसले. एकावर नागोजी, एकावर भरमू, आणि पलीकडच्या दोनांवर केदारी आणि बसवंत, हे दोघं भाऊ. भरमू सगळ्यांत थोरला, माझ्या मालकांच्या वेळचा, मला आक्का म्हणतो आणि माझ्यापेक्षा वयानं मोठा हाय, पण ते जाऊ दे. मी मधी बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरते. हात रहाटावर, डोळे मांडीवरच्या पुस्तकात, आणि तोंड चार मागांच्या खटाखटीच्या वर! हा आवाज काय उगीच न्हाय झाला माझा. नागोजी म्हणतो, आई कुजबुजली तरी खडेबाजारात ऐकू जातं. जाऊ दे की! खडेबाजाराचंच भलं होतंय.

वाचायला मला कुणी शिकवलं? कुणी न्हाय. लिहून ठेवा. शाळेचा उंबरा ओलांडला न्हाय मी. सुताच्या गठ्ठ्यावर गिरणीची छापील तिकिटं यायची बघा, रंगीत, हत्तीची, मोराची, परीची. वर मराठी, खाली इंग्रजी. मोर दिसतोय म्हणजे हे अक्षर मोराचं असणार, असं करत करत मराठी आलं. मग वाटलं, मोर तोच, मग खालची ती वाकडी अक्षरं काय म्हणतात? म्हणजे तिथपासनंच माझा स्वभाव तपासाचा! पुढं बाजारातनं एक इंग्रजी पहिलं पुस्तक आणलं, आणि बसले. शब्द अडला तर मी कुणाच्या दारात जात न्हाय. सोडून देते. पुढच्या पानावर तोच शब्द पुन्हा भेटतो, त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा, आणि चौथ्या खेपेला आपली ओळख होतीच. माणसांचं दुसरं काय असतं?

आता आधी मी वाचायचे ते इतिहासाचं. बखरी, लढाया, किल्ले. टिळकवाडीहून परशराममास्तर पुस्तकं आणून देत. शाळामास्तर, कोट, उपरणं, आणि बोलणं असं की जणू प्रत्येक वाक्याखाली परीक्षेचा प्रश्न हाय. "अंबुबाई, इतिहास वाचावा. इतिहासानं माणूस घडतो." मी म्हटलं, घडू दे. वाचलं. पण तुम्हाला सांगते, इतिहासात मला एकच खोड दिसती. आधीच सांगून टाकतात! पहिल्या ओळीत, 'ह्या किल्ल्याचा पाडाव फितुरीनं झाला.' झालं! मग पुढची दोनशे पानं मी कशाला वाचू? मी मास्तरांना विचारलं, "मास्तर, त्या रात्री दिंडीदरवाजाची किल्ली कुणाकडं होती?" मास्तर म्हणाले, "किल्लेदाराकडे." "मग दार फितुरानं कसं उघडलं?" मास्तरांनी पानं चाळली. "किल्लेदाराची बायको माहेरी गेलती का घरात होती?" मास्तर म्हणाले, "अंबुबाई, बखरकारानं तसं लिहिलेलं नाही." "न्हाय ना? मग विचारायला नको होतं त्यानं?" मास्तरांनी उपरणं सारखं केलं आणि चहा न घेता गेले. घ्यायचा की चहा. किल्ला माझ्यामुळं पडला होता का?

आणि अशात तो लिलाव झाला. बेळगावच्या कॅम्पातला एक इंग्रज साहेब मायदेशी निघाला. त्याचं सामान अंगणात मांडलेलं... खुर्च्या, बंब, बिनशेपटीचा दगडी कुत्रा... आणि एका टोपलीत पुस्तकं. लोक टोपली मागत होते, पुस्तकं ओतून द्या म्हणत होते! मी म्हटलं, माझ्यासाठी उलटं करा, टोपली त्यांना द्या, आतलं मला. पंधरा-वीस पुस्तकं, आणि तुम्हाला काय सांगू, सगळ्यांत माणूस मेलेला! प्रत्येकात! मी पहिलं उघडलं तर पंधराव्या पानावर प्रेत. दुसरं उघडलं तर दुसऱ्या ओळीत प्रेत. म्हटलं, हा साहेब माणूस होता का मसणवटा? पण वाचायला बसले आणि... गेले मी. गेले! दूध उतू गेलं, दूधवाला ओरडून गेला, सूनबाई पाय आपटून गेली, मी तिथंच.

काय त्यांची तऱ्हा! एक तर खून व्हायला त्यांना पुस्तकांची खोली लागती. आपल्याकडं माणूस विहिरीवर मरंल, बांधावर मरंल. त्यांच्यात न्हाय. गालिचा पाहिजे, शेगडी पेटलेली पाहिजे, आणि बाहेर धुकं. बरं, मेल्यावर रडणं न्हाय! कुणी ऊर बडवत न्हाय, कुणी अंग टाकत न्हाय. एवढा धडधाकट लॉर्ड आडवा झालाय, आणि बायको म्हणती, "बाई गं, आता रात्रीच्या जेवणाला एक पान कमी." आणि जेवायला बसतात सगळे! प्रेत वरच्या मजल्यावर, आणि खाली सूप! सुतक न्हाय, पाणी न्हाय, काय न्हाय. म्हणून माझी मी एक रीत काढली. पुस्तकातला हेर राख हुंगत बसू दे, बुटाचे ठसे मोजत बसू दे. मी एवढंच बघते, की खून झाल्यावर जेवला कोण. ज्याला भूक लागली, तो खुनी. तीन पुस्तकांत खरं ठरलं! चौथ्यात जरा चुकलं, पण ती बाई गरोदर होती, ते लेखकानं लपवून ठेवलं, त्याला मी काय करू?

आणि पोलीस! एक चिठ्ठी गेली की बंदरावर माणूस पकडून ठेवतात. इथं? आमचं शहापूर सांगलीकरांच्या संस्थानाचं, पलीकडं बेळगाव इंग्रज साहेबाचं, मधी एवढासा रस्ता, आणि तीच हद्द. बेळगावात खिसा कापायचा आणि रस्ता ओलांडून आमच्या कट्ट्यावर बिडी ओढत बसायचं. पलीकडच्या काठावर बेळगावचा शिपाई उभा, काठी आपटतोय, "ये की रं हिकडं!" आणि हा म्हणतोय, "तूच ये की!" असल्या गावात हेरानं काय करावं, सांगा.

पण मी लॉर्डावर येते. हा लॉर्ड म्हणजे त्या टोपलीतलं शेवटचं पुस्तक. जाड. लाल पुठ्ठा. मी दुपारी मागाच्या खोलीत वाचायला काढलं. म्हणजे इंग्रजी मी डोळ्यानं वाचायची आणि तोंडानं मराठी सांगायची. त्यांचा तो दाराशी उभा असतो ना, काळा कोट, ताट घेऊन, त्याला काय म्हणावं? मी म्हटलं वाढपी. भरमू म्हणाला, "बूट घालून वाढतोय?" मी म्हटलं, "व्हय." भरमू म्हणाला, "मग त्यानंच मारलं." मी म्हटलं, "अरे, अजून कोण मेलंय कुठं!"

आता ह्याच वेळी मागावर काय होतं? निपाणीच्या जयाबाईंची लग्नाची लुगडी. जयाबाई म्हणजे तंबाखूच्या वखारवाल्यांच्या घरातल्या, मोठं कुंकू, मोठा आवाज... माझ्याएवढा न्हाय, पण मोठा. नवरीला एक आणि तिच्या तिघी बहिणींना तीन, अशी चार. चारी एकसारखी, काठावर रुईची फुलं, एकेक दोरा बोटानं उचलून काढायची. आणि आमच्या घरची एक रीत हाय, सासऱ्यांपासनंची. लग्नाची लुगडी एका मुहूर्तावर मागांवर चढवायची आणि एकाच वेळी उतरवायची. पुढंमागं व्हायचं न्हाय. थोरल्याचा माग जसा चालंल तसे बाकीचे चालायचे. भरमूनं फूल काढलं की तिघांनी फूल काढायचं, भरमूनं धोटा मारला की तिघांनी मारायचा. बहिणी बहिणी एका मापानं नांदतात म्हणे. नांदत असतील. आमच्या नणंदा काय नांदल्या ते मला विचारा... ते असू दे.

तर लुगडी पदराला टेकत आली, आणि तिकडं लॉर्डाच्या घरात पाहुणे जमलेत. पुतण्या हाय, कर्जात बुडलेला. डॉक्टर हाय, गोड बोलणारा. दुसरी बायको हाय, मोत्यांची माळ घातलेली. वाढपी तर हायच. धुकं दाटलंय. घड्याळ टोले देतंय. मी रहाट थांबवला. लॉर्ड उठला. मीपण उठले... उठावंच लागतं हो, बसून काय लॉर्ड होतो? त्यानं पेला उचलला. मी कांडी उचलली. तो म्हणाला, "मला ठाऊक झालंय. तुमच्यातला एकजण..." आणि धाडकन आडवा!

चारी माग बंद. मग नागोजी म्हणाला, "पुढं?" आणि तेवढ्यात सूनबाई दारात, "पुढं काय, पानं वाढलीत." त्या दिवशी तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पदर काढायचा, तिथं नीट नजर ठेवावी लागती, म्हणून नागोजी म्हणाला, लुगडी उतरेपर्यंत वाचायचं न्हाय. मी थांबले. मी शेवटचं पान आधी उघडत न्हाय! गळ्याची शपथ! तसली लबाडी मी आयुष्यात केली न्हाय. पण मनात सारखं चाललेलं... लॉर्डाला मारलं कुणी?

लुगडी उतरली. निपाणीला गेली. मी म्हटलं, आता बसू वाचायला. पुस्तक मांडीवर घेतलं, चष्मा पुसला, आणि दारात कोण? जयाबाई! सकाळच्या मोटारीनं आलेल्या, काखेत गाठोडं, आणि मागनं योगायोगानं आमचे परशराममास्तर, हातात जाडजूड इतिहास. जयाबाईंनी राम राम न्हाय, काय न्हाय, गाठोडं सोडलं आणि चारी लुगडी जमिनीवर पसरली.

"अंबुबाई, हे काय?"

मी बघितलं. पदरापासून एक वीत अलीकडं, काठावरचं एक फूल न्हाय. जागा कोरी, आणि आजूबाजूचा दोरा जरासा सैल, दचकल्यागत. मी म्हटलं, "एखादं फूल सुटतं, जयाबाई." त्या म्हणाल्या, "सुटतं व्हय? मग हे बघा." दुसऱ्या लुगड्यावर बोट. तिथंबी तेच फूल. तिसऱ्यावर, चौथ्यावर... तीच जागा, तेच फूल! "माझ्या चारी पोरींच्या काठात भोक! व्याही काय म्हणंल मला?"

नागोजीचा चेहरा उतरला. सूनबाई म्हणाली, "मी सांगत होते." ती कायम सांगतच असती. आणि मी? तुम्हाला सांगते, माझ्या अंगात वीज शिरली! चार माग, चार माणसं, आणि चूक एक! ही चूक न्हाय हो, हा कट हाय कट! मी म्हटलं, "कुणी जागचं हलू नका. दुर्गे, दार लाव."

"कशाला, आत्याबाई?" सूनबाई म्हणाली.

"लाव म्हणते ना! पुस्तकात सगळ्यांना एका खोलीत बसवून दार लावतात."

बसवले. चौघं आपापल्या खड्ड्यात, जयाबाई चटईवर, मास्तर सुताच्या गठ्ठ्यावर. मी मालकांची काठी घेतली आणि येरझाऱ्या घालायला लागले. मी म्हटलं, "ह्या खोलीतल्या कुणीतरी हे काम केलंय." बसवंत म्हणाला, "कुणीतरी म्हंजे आम्ही चौघांनी, आक्का. लुगडी आम्हीच इणलीत." मी म्हटलं, "गप. ते इतकं सोपं नसतं." मास्तरांना तर चेवच आला. म्हणाले, "फितुरी! दुसरं काय? घरभेदीपणा!" त्यांना कुठंबी काही पडलेलं दिसलं की फितुरीच आठवती.

मी संशयित काढले. एक, वडगावचा तो मागवाला, जयाबाईंचं काम आमच्याकडं आलं म्हणून जळणारा. पण तो आमच्या मागापर्यंत येणार कसा? दोन, सूनबाई. कारण? कारण तिला माझं वाचन खुपतं! "मी?" सूनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी लुगड्याचं फूल खाल्लं व्हय?" मी म्हटलं, "त्या दिवशी जेवली किती तू?" ती म्हणाली, "तुमचं उरलं असंल तेवढं!" जयाबाई हसल्या. मी त्यांच्याकडं रोखून बघितलं. हसणाऱ्यावर पहिला संशय घ्यावा, असं एका पुस्तकात होतं.

मग मी भरमूपुढं काठी टेकली. "भरमू. ही जागा विणत होतास तवा काय करत होतास?"

"इणत होतो, आक्का."

"ते ठावं हाय! ध्यान कुठं होतं?"

भरमू आपल्या पायाकडं बघायला लागला. मी म्हटलं, सापडला! केदारीला विचारलं, तोबी पायाकडं. बसवंत, पायाकडं. मी नागोजीवर गरजले, "नागोजी! आईपुढं खोटं बोलायचं न्हाय. त्या क्षणाला ह्या खोलीत काय चाललं होतं?"

नागोजी म्हणाला, "सांगू?"

"सांग!"

"पेला उचलला होता."

"कुणी?"

"लॉर्डानं. पण हात तुझा वर होता, आई."

अगं बाई...

तुम्हाला सांगते, काठी हातातनं सुटली. भरमू हळूच म्हणाला, "आक्का, तुम्ही म्हणालात, तुमच्यातला एकजण. आन् आमच्याकडं बघितलंत. आम्ही एकमेकाकडं बघितलं. तेवढ्यात फूल गेलं." चौघांचं एकदम! भरमूचा हात दचकला, तिघांचे हात त्याच्या मागोमाग दचकले. रीतच तशी आमची! म्हणजे मी, अंबुबाई, दार लावून, काठी घेऊन, साक्षीपुराव्यानिशी, जिला शोधत होते ती मीच! विलायतेच्या एका तरी हेरावर आली असंल का ही वेळ? मास्तर पुटपुटले, "फितुरी नव्हे... सेनापतीच." आणि त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, आमच्याकडचा चहा मागून घेतला.

मी म्हटलं, आता जयाबाई लुगडी तोंडावर फेकणार, नागोजीचं नाव बाजारातनं उठणार, आणि सगळं खापर माझ्या मांडीवरच्या पुस्तकावर. जयाबाईंनी तोंडातलं पान एका गालातनं दुसऱ्या गालात घेतलं. माझ्याकडं बघितलं.

"मग?" म्हणाल्या.

"मग काय?"

"लॉर्डाला मारलं कुणी?"

मी पुतण्यापासनं पेल्यापर्यंतचं सगळं सांगितलं, आणि म्हटलं, "पुढचं अजून वाचायचंय, जयाबाई."

"अगं बाई!" म्हणाल्या, आणि लुगडी गुंडाळून निघाल्या. लग्न तोंडावर आलेलं, दुसरी विणायला वेळ कुठं होता? पण मोटारीत चढेपर्यंत मागं वळून वळून विचारत होत्या, "त्या डॉक्टरचं काय? लई गोड बोलतोय म्हणालात..."

आणि त्या गेल्या तसं नागोजीनं माझ्या मांडीवरनं पुस्तक उचललं, जरीच्या पेटीत टाकलं, कुलूप लावलं, किल्ली सुनेच्या कमरेला दिली आणि म्हणाला ते वाक्य. "आजपासनं ह्या घरात खून बंद." मी म्हटलं, "अरे, चार प्रकरणं राहिलीत!" तो म्हणाला, "राहू देत." मी म्हटलं, "मी मनातल्या मनात वाचते." तो म्हणाला, "आई, तुझं मनातलं खडेबाजारात ऐकू जातं." ह्याला मी नऊ महिने पोटात वागवलं, बरं का! ह्याला!

मग मास्तरांचा इतिहास आला. म्हणे इतिहास वाच, त्यानं कुणी दचकत न्हाय. वाचला. काय करते? पहिल्याच ओळीत किल्ला पडला. मग वेढा, दारूगोळा, रसद, फितूर... मी घसा फोडून वाचतेय, तोफा डागतेय, आणि चारी माग कसे, खट खट खट खट, घड्याळागत. एक फूल हललं न्हाय! भरमूला तर मधीच डुलकी लागली आणि डुलकीतसुद्धा फूल बरोबर निघालं. मी विचारलं, "अरे, किल्ला पडतोय, काय वाटत न्हाय तुम्हाला?" केदारी म्हणाला, "आक्का, तो पडणार हे तुम्ही सकाळीच सांगितलंत की." बघा! आधी कळलं की हात चुकत न्हाय. हे मीच बोलून दाखवलं, सगळ्यांपुढं, मोठ्या आवाजात. माझं हे तोंड एक दिवस मला घेऊन जाणार हाय.

कारण पुढं काय झालं ऐका. निपाणीचं लग्न झालं. मांडवात चार बहिणी ओळीनं बसल्या, आणि व्याह्यांकडच्या एका नाकानं बोलणाऱ्या बाईनं काठाला बोट लावलं. "इश्श, इथं फूल गाळलंय वाटतं?" आता दुसरी कुणी असती तर मान खाली घातली असती. जयाबाई! त्या म्हणाल्या, "गाळलं न्हाय, बाई. शहापुरी कारागिरी हाय ती. तिथं विणताना एक लॉर्ड मेला."

"आँ? कुठं?"

"इथंच. ह्या फुलावर. पेला हातात होता त्याच्या."

झालं! अक्षता राहिल्या बाजूला. बायका वरमाईला सोडून काठ बघायला! कुणी म्हणती मला हात लावू दे, कुणी म्हणती नको गं, लग्नात कशाला मेलेल्या माणसाला हात. नवरा मुलगा हार घेऊन ताटकळतोय, आणि मांडवभर एकच चर्चा, लॉर्डाला मारलं कुणी? भटजीसुद्धा म्हणे आशीर्वाद देताना थांबून विचारत होते, पुतण्याला वाटणी मिळणार होती का?

आणि आठ दिवसांत जयाबाईंचा निरोप. निपाणीच्या बायकांना लुगडी पाहिजेत. तसलीच. लॉर्ड मेलेली.

नागोजी खूश! म्हणाला, त्यात काय, एक फूल गाळायचं. खडूनं खूण आखली, फूल गाळलं, लुगडं निपाणीला पाठवलं. दुसऱ्या मोटारीनं परत! जयाबाईंनी सांगून पाठवलं, "हे गाळल्यागत दिसतंय. दचकल्यागत न्हाय." बाईची नजर बघा! मग नागोजीनं काय काय केलं म्हणून सांगू? भरमूच्या मागं जाऊन एकदम ओरडला. भरमू दचकला न्हाय, रागावला. दोन दिवस आला न्हाय कामावर. मग मला म्हणाला, आई, तो लॉर्डाचा भाग तोंडपाठ असंल की तुला, पुस्तकाशिवाय म्हणून बघ. म्हटला. पण हातात पुस्तक न्हाय, पुढचं पान न्हाय, मलाच काही होईना, मग त्यांना काय होणार? चौघं माझ्याकडं बघतायत, मी चौघांकडं बघतेय, आणि फूल बरोबर!

शेवटी एक दिवस दुपारी पदर जवळ आला, तसं नागोजीनं सुनेकडनं किल्ली घेऊन पेटी उघडली. माझ्यापुढं लाल पुठ्ठा धरला. खाली मान घालून म्हणाला, "आई. कर खून."

तुम्हाला सांगते, तो क्षण! ह्याच तोंडानं बंद म्हणाला होता ना? मी चष्मा लावला. सावकाश. जरा पुसला. पुन्हा लावला. सूनबाई दारात येऊन उभी, पदर तोंडात धरून. तीसुद्धा! मी वाचलं. धुकं दाटलं, टोले पडले, मी उठले, कांडी उचलली, "तुमच्यातला एकजण..." धाडकन! चारी माग थबकले. आणि बघितलं तर फूल गेलेलं, दोरा दचकलेला, अगदी पहिल्यासारखं! मी म्हटलं, चला, आता पुढं, आणि पान उलटायला बोट लावलं, तर नागोजीनं पुस्तक ओढून घेतलं!

"अरे, काय करतोस?"

"आई, पुढचं न्हाय वाचायचं."

"का?"

"तुला कळलं कुणी मारलं, की तुझा आवाज बदलंल. उद्या त्याचं नाव ठाऊक असताना तू 'तुमच्यातला एकजण' म्हणशील, ते किल्ला पडल्यागत म्हणशील. मग ह्यांचा हात कसा चुकायचा? तूच म्हणालीस, आधी कळलं की हात चुकत न्हाय."

मी म्हटलं होतं! मीच! आणि भरमू, माझ्या मालकांच्या वेळचा भरमू, मान हलवून म्हणतो, "खरं हाय, आक्का. नका वाचू. आम्हालाबी सांगू नका." मी म्हटलं, "मेल्या, तुला जाणून घ्यायचं न्हाय?" तर म्हणतो, "लई हाय. म्हणून तर हात चुकतोय." मी मास्तरांकडं गेले, म्हटलं, तुम्ही शिकलेले, तुम्ही तरी ह्या पोराला काही सांगा. मास्तर म्हणाले, "अंबुबाई, मी सांगतो त्याला. पण... तो वाढपी नसेल ना हो?" म्हणजे हेबी अडकले!

तर आता असं चाललंय. लुगड्यांमागनं लुगडी चढतायत. निपाणीची झाली, आता चिकोडीकडनं मागणी हाय. चारी काठ पदराजवळ आले की पेटी उघडती, पुस्तक येतं, लॉर्ड उठतो, पेला उचलतो, आडवा होतो, पेटी बंद. तोच लॉर्ड, तेच धुकं, तोच पेला. बिचाऱ्याला एक दिवस सुट्टी न्हाय. बायको मोत्यांची माळ घालून तिथंच बसलेली, डॉक्टर गोड हसत तिथंच उभा, आणि पुढची चार प्रकरणं सुनेच्या कमरेला.

निपाणीच्या बायका वाटंत भेटल्या की अजून हात धरून विचारतात, अंबुबाई, आता तरी सांगा, लॉर्डाला मारलं कुणी?

काय सांगू? मीच की! दुसरं कोण? आता उठते, भरमू पदराला आलाय... मारायची वेळ झाली.